दोन दांड्यांची सायकल

कोथरूड डेपोच्या पुढे चांदणी चौकाकडे जाताना जो चढ लागतो ना, तो गाडीवाल्याला कळतच नाही. सायकलवाल्याला कळतो. मला तर रोज सकाळी साडेआठला कळायचा, कारण ऑफिस बावधनला आणि वय सत्तेचाळीस. अर्ध्या चढावर उतरायचं, सायकल हातात धरून वर ढकलत न्यायची, आणि शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्यांच्या चेहऱ्यावरची दया बघून न बघितल्यासारखं करायचं. असं दोन वर्षं केलं. मग एका पावसाळ्यात ठरवलं की बास, आता मोटर बसवायची.

आता तुम्ही म्हणाल की मग सरळ नवीन ई-सायकल घ्यायची, दुकानं भरलीयेत. मीही गेले होते बघायला. छान असतात, पण त्यावर बसलं की पाठीचा धनुष्य होतो आणि खड्ड्यातून गेलं की दात वाजतात. माझं सायकल चालवणं सगळं जुन्या उंच काळ्या सायकलीवर झालेलं, दांड्याखालून पाय घालून शिकले तेव्हापासून. त्या सायकलींची पुढची नळी चांगलीच मागे कललेली असते आणि दोन चाकांमधलं अंतर मोठं, त्यामुळे त्या वळायला आळशी असतात पण खड्डा आला की वाकून नमस्कार केल्यासारख्या त्यातून जातात. चाक २८ इंची. बसणं ताठ. पुण्याच्या रस्त्यांना यापेक्षा बरं काही कोणी बनवलेलं माझ्या बघण्यात नाही. म्हणून जुनी सायकल घ्यायची आणि तिला मोटर लावायची, एवढं साधं डोक्यात होतं. कुठली जुनी सायकल, हा प्रश्न डोक्यातच नव्हता, कारण घरात एक होती.

घरातली म्हणजे आजोबांची रॅले. आमच्याकडे ती 'विलायती' म्हणूनच ओळखली जायची. १९४६ साली बोटीने आलेली, लक्ष्मी रोडवर पेटीतून उतरवताना आजोबा स्वतः हजर होते, वगैरे वगैरे. लहानपणी आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती, पाहुण्यांना तर नाहीच नाही, आणि आजोबा गेल्यावर ती जिन्याखाली गेली ती गेलीच. हँडलला अजून महापालिकेच्या सायकल टॅक्सचा पत्र्याचा बिल्ला लटकलेला. बाबांना विचारलं, मोटर लावू का हिला? बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "लाव की. पण आधी नीट बघून घे." मला वाटलं नाराजीने म्हणतायत.

मग मी नीट बघितली. रॉकेलचा बोळा घेऊन रविवारची अख्खी सकाळ. सीटखालच्या नळीवर काळ्या थराखाली अक्षरं होती, हळूहळू पुसत गेले तर 'मेड इन' आलं, मला तर पुढचं इंग्लंड आधीच दिसायला लागलं होतं, आणि पुसलं तर इंडिया. म्हणजे आसनसोलची. स्वातंत्र्यानंतर नॉटिंगहॅमच्या रॅलेबरोबर भागीदारीत सेन-रॅले म्हणून कंपनी पश्चिम बंगालमध्ये निघाली, त्यांनी या सायकली इथे बनवल्या. त्याच सुमाराला मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय कंपनीची हर्क्युलिस सुरू झाली, मग सोनिपतची अ‍ॅटलास, लुधियानाची हिरो. पण १९४६ साली आसनसोलला रॅले बनत नव्हती, म्हणजे आमच्या घराण्याची बोट बुडाली.

खरा धक्का त्याच्या पुढे होता. जुनी फ्रेम घेताना एक गोष्ट करायची असते, मला एका मेकॅनिक काकांनी शिकवली होती, ती अशी की हँडलच्या उभ्या नळीपासून पायडलकडे जो तिरका पाइप जातो त्याच्या खालच्या बाजूने, अगदी सुरुवातीला, जोडाच्या मागे दोन-तीन बोटांवर, डोळे मिटून बोट फिरवायचं. डोळे मिटूनच, कारण रंग डोळ्याला फसवतो पण बोटाला फसवत नाही. सायकल कधी समोरून जोरात धडकलेली असेल तर तिथे पाइपला सुरकुती पडते, कापडाला चुणी पडावी तशी. रंग मारून ती दिसेनाशी होते, पण असते. मी बोट फिरवलं आणि ती होती. चांगली जाड.

बाबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणे, "सापडली का? मला वाटलंच होतं सापडेल." मग गोष्ट कळली. सायकल बहुतेक पंचावन्न साली घेतली, साधी दुकानातून, हप्त्याने. सहा महिन्यांत आजोबांच्या एका मावसभावाने ती लग्नाच्या निरोपाला म्हणून मागून नेली आणि शनिवारात एका वाड्याच्या दिंडीदरवाज्यावर घातली. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला, तो बदलला, पाइप तसाच राहिला. आणि त्या दिवसापासून आजोबांनी सायकल विलायती केली. कारण साध्या सायकलीला कोणीही "जरा देता का हो" म्हणतं, विलायतीला म्हणायची हिंमत होत नाही. साल पण त्यांनीच नंतर नऊ वर्षं मागे नेलं. सदाशिव पेठेत इतकं स्वस्त कुलूप दुसरं कोणाला सुचलं असेल असं मला वाटत नाही.

तर रॅले बाद झाली. बोटीचा विषय संपल्यावर खरं तर तिच्यावर ड्रिल चालवायला काहीच पाप नव्हतं, पण सुरकुतलेल्या पाइपवर मोटर म्हणजे मूर्खपणा. नुसत्या पायाने चालवताना तो पाइप अजून पन्नास वर्षं जाईल कदाचित. मोटर आली की वजन वाढतं, सरासरी वेग वाढतो, खड्ड्यात बसणारा दणका वाढतो, आणि हे सगळं जाऊन बसतं ते नेमकं पुढच्या जोडावर.

इथे एक सांगायला हवं, की सायकलला मोटर लावणं हे काही आजचं खूळ नाही, मोटरसायकल या प्रकाराचा जन्मच यातून झालाय. आणि त्या जन्मकथेत चढ फार वेळा येतो, हे मला या नादात वाचताना लक्षात आलं. हार्ली आणि डेव्हिडसन मंडळींनी १९०३ च्या सुमाराला पहिली जी मोटर लावलेली सायकल केली ती अमेरिकेत मिलवॉकीतले चढ पायडल मारल्याशिवाय चढेना, म्हणून ती बाजूला ठेवून त्यांनी मोठं इंजिन आणि दणकट फ्रेम केली. म्हणजे त्यांचाही चांदणी चौकच. आणि होंडांची गोष्ट तर माझी फार आवडती आहे. १९४६ साली, युद्धाने जपान बेचिराख झालेलं, पेट्रोल नाही, ट्रेनला लोंबकळणारी गर्दी, तेव्हा सोइचिरो होंडांना लष्कराच्या वायरलेस संचांना वीज देणारी छोटी इंजिनं सापडली, ती त्यांनी साध्या सायकलींना बसवली. सुरुवातीला पेट्रोलची टाकी म्हणून काय वापरलं, तर अंथरूण शेकायची गरम पाण्याची बाटली! आणि चालवून बघितली कोणी, तर त्यांच्या बायकोने, साची होंडा यांनी, ज्या घरासाठी अन्नधान्य मिळवायला सायकलवर लांब लांब जायच्या. कंपनीचा इतिहास सांगताना लोक इंजिनाबद्दल बोलतात. मला मात्र त्या बाई दिसतात, पिशवी हँडलला अडकवून.

युरोपात त्याच काळात याची नुसती लाट आली होती. फ्रान्समध्ये व्हेलोसोलेक्स, पुढच्या चाकावर इंजिन ठेवलेलं आणि एक रोलर टायरला घासून चाक फिरवणार. इटलीत डुकाटीचं कुचोलो, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, कारण आवाज तसा. इंग्लंडात सायकलमास्टर, मागचं चाकच काढायचं आणि इंजिनवालं चाक बसवायचं, २५.७ सीसी. आणि आपल्याकडे १९७२ मध्ये नगरची लुना, ५० सीसी, पायडलसकट. लुनाला हसणाऱ्यांनी एकदा विचार करावा की मास्तर, पोस्टमन, क्लार्क असे किती जण तिच्यामुळे चढावर उतरायचे थांबले. आता बॅटरीवरची लुनाही आलीये, २०२४ मध्ये, पण ती स्कूटरच्या रांगेत बसते, माझ्या नाही.

पेट्रोलचं इंजिन लावायचा मोह मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू. ऑनलाइन चिनी टू-स्ट्रोक किट मिळतं, फ्रेमच्या त्रिकोणात बसतं, आवाज असा की सोसायटीत निवडणूक लढवता येईल. ८० सीसी म्हणून विकतात, असतं ६६ च्या आसपास. मागच्या चाकाला त्याचं दातेरी चक्र रबराच्या चकत्यांमध्ये दाबून आऱ्यांनाच बांधतात, आणि आरे काही ओढ सोसायला त्या दिशेने बनवलेले नसतात, एकेक करून तुटतात. शिवाय कायदा. आपल्याकडे २५ सीसीपर्यंतचं दुचाकी वाहन मोटार वाहनात धरत नाहीत, त्याच्या वर गेलात की नोंदणी, विमा, लायसन सगळं लागतं, आणि घरी जोडलेल्या सायकलची नोंदणी कोण करून देणार? विजेचं सोपं आहे. पायडलला मदत करणारी मोटर २५० वॅटच्या आत, ताशी २५ किलोमीटरला किंवा पाय थांबले की मदत बंद, ब्रेक आणि चमकणारे रिफ्लेक्टर, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, एवढं पाळलं आणि मान्य चाचणी संस्थेने ते तपासून दिलं की ती कायद्याने सायकलच.

आणि २५० वॅट पुरतात. मी हिशोब केला. मी, सायकल, डबा, लॅपटॉप असं शंभर किलो धरलं, शंभर मीटरला पाच मीटर चढ धरला आणि ताशी १५ च्या वेगाने वर जायचं म्हटलं तर साधारण २५० वॅटच लागतात. माझ्यासारखं माणूस सलग शंभर वॅट देऊ शकतं, तेही कुरकुरत. उरलेले मोटरने द्यायचे. म्हणजे मोटर मला ओढणार नाही, हात देईल फक्त. मला तेवढंच हवं होतं.

मग शोध सुरू झाला, आणि इथे माझे चार महिने गेले.

जुन्या बाजारात गेले, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. तिथे एका माणसाकडे बीएसए होती, पुढच्या नळीवर तीन बंदुकांची खूण, हिरवा रंग एकदम ताजा. "ओरिजिनल आहे मॅडम, ब्रिटिश टाइमची." बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका करणारी कंपनी, म्हणून ती खूण, हे तोच मला सांगत होता आणि छान सांगत होता. पण पायडलच्या नळीत टॉर्च मारली तर आत नुसता गंजाचा भुगा. सीटची नळी वरून उघडी राहिली की पावसाचं पाणी थेट तिथे उतरतं आणि बसून राहतं, बाहेरून सायकल चकचकीत आणि आतून पापड. भाव ऐकून मी नुसती हसले, त्यानेही हसून चहा पाजला.

एक लेडीज सायकल मिळत होती, फार सुंदर, हंसाच्या मानेसारखी वळलेली नळी, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. सगळ्यांचं म्हणणं हीच घे. "ताई, तुम्हाला चढा-उतरायला बरी." पण वरचा दांडाच नाही तर फ्रेम पिळते, मोटर आणि बॅटरीच्या वजनाला ती डुलायला लागते, आणि बॅटरी अडकवायला मधे त्रिकोणही नाही. बायकांसाठी म्हणून जे काही बनवतात त्यात सोय आधी आणि ताकद मग, हे सायकलीतही आहे. माझी उंची पाच फूट सात इंच, आमच्या घरातल्या बायकांच्या मानाने ताडमाड, त्यामुळे मला २२ इंची जेन्ट्स फ्रेम चालते, सिग्नलला सायकल जरा कलती करावी लागते एवढंच.

नंतर एका गृहस्थांकडे हंबर होती. हंबरचा चिमटा दुहेरी नळ्यांचा असतो, दोन्ही बाजूंना जोडनळ्या, लांबूनही ओळखू येतो. आणि मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गियरचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा. या हबची एक गंमत म्हणजे त्याच्या पोलादी कवचावर साल आणि महिना ठोकलेला असतो, त्यामुळे सायकलवाला कितीही थापा मारो, हब खरं बोलतो. आमच्या आजोबांचं नशीब की त्यांच्या सायकलला गियर नव्हते. तर ती हंबर अगदी पूर्ण होती, चेनकव्हर तेलबंद, दिवा, पंप, चामड्याची सीट, सगळं जागच्या जागी. मालक द्यायला तयार होते. मीच बिचकले. त्याच आठवड्यात मी कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स म्हणून जे सायकलींचं संग्रहालय आहे ना, तिथे जाऊन आले होते. तिथे दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने केलेली घडीची सायकल आहे, बाकी पण काय काय आहे, आणि ते सगळं बघून आल्यावर अशा अखंड सायकलच्या चिमट्याला कानस लावायची या विचाराने माझाच हात थरथरायला लागला. ७० वर्षं एक स्क्रू न हरवता जगलेली वस्तू, तिचा चढ चढण्याशी काय संबंध? हंबरवाल्यांना म्हटलं, हिला असंच ठेवा. ते जरा रागावले, गिऱ्हाईक गेलं म्हणून.

तेव्हा कुठे मला कळलं की मी चुकीच्या रांगेत उभी होते. मी नाव बघत होते, वय बघत होते, खूण बघत होते. मोटरला यातलं काही नको असतं. तिला जाड पाइप हवा, दणकट चिमटा हवा, आणि वजन वाहायची सवय असलेलं अंग हवं.

हे मी कसब्यातल्या माझ्या मेकॅनिक काकांना सांगितलं तर ते पाने पुसत म्हणाले, "मग दुधवाल्याची घ्या की."

दुधवाल्याची! मुळशीकडून, सिंहगडच्या पायथ्याकडून पहाटे कॅन लावून दूध घेऊन येणाऱ्या सायकली ज्यांनी बघितल्यात त्यांना लगेच डोळ्यासमोर येईल. वर एक दांडा नाही, दोन. चिमट्याला दोन्ही बाजूंनी आधाराच्या सळया, एक्सलपासून थेट हँडलच्या मुळापर्यंत. मागे लोखंडी कॅरिअर असं की त्यावर माणूस झोपेल. मागच्या चाकाला ४० जाड आरे. कारखान्यातून आल्यावरसुद्धा गावच्या वेल्डरने तिथे पट्टी, इथे कोन असं करत करत तिला वाढवलेली असते. आता ते सगळे दूधवाले मोटरसायकलवर गेले, सायकली गोठ्यामागे पडल्या. मला एक पौडच्या अलीकडे एका वस्तीवर मिळाली, शेणी रचलेल्या होत्या तिच्यावर. १,८०० रुपये. ज्यांची होती ते गेलेले, मुलगा म्हणाला, "न्या, पण भंगारात घालू नका." कुठली कंपनी ते शेवटपर्यंत कळलं नाही, खूण कधीच पडून गेली होती, फक्त दोन खिळ्यांची भोकं.

डोळे मिटून पाइपखालून बोट फिरवलं. गुळगुळीत. मग दोरा लावला. पुढच्या नळीला दोरा गुंडाळून दोन्ही टोकं मागच्या एक्सलच्या खाचांपर्यंत ताणायची आणि मधल्या सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं, सारखं आलं की फ्रेम सरळ. फरक दोन मिलिमीटर. इतकी वर्षं कॅन वाहून दोन मिलिमीटर! आमच्या विलायतीचं बघितलं होतं नंतर कुतूहलाने, तिचा अकरा आला.

घरी आणली तर बाबा गॅलरीतून बघत होते. "अगं, ही तर दुधवाल्याची."

"हो."

"लोक दूध मागतील तुला." मग बराच वेळ गप्प राहून, "आजोबा असते तर म्हणाले असते, जर्मन आहे म्हणून सांग."

मग काकांच्या दुकानात तीन आठवडे. मोटर पुढच्या चाकाच्या हबमध्ये असलेली घेतली, ३६ व्होल्टची, कारण मागे लावायची तर मागच्या खाचांमधलं अंतर १३५ मिलिमीटर लागतं आणि या सायकलींचं त्याच्या खूप आत असतं, फाकवावं लागतं. पोलाद असल्यामुळे फाकवता येतं, पण दोन दांड्यांची फ्रेम फाकवणं म्हणजे बैलाचं तोंड उघडणं. पुढे १०० लागतं, आमचं ९२ भरलं, ते काकांनी एका लांब बोल्टवर दोन नट फिरवत फिरवत चहा पिता पिता केलं. जुन्या सायकलचा पुढचा एक्सल बारीक, आठ मिलिमीटरचा, आणि मोटरचा एक्सल दोन बाजूंनी चपटा, दहाचा, त्यामुळे खाचेला एकेक मिलिमीटर कानस लागली. इथे हात थरथरला नाही.

एक गोष्ट मात्र कोणीही टाळू नये. चाक पुढे फिरवताना मोटर स्वतःच्या एक्सलला उलटं पिळत असते, आणि नुसत्या नटावर विसंबलात तर एखाद दिवशी एक्सल खाचेतून फिरून बाहेर येतो, वायर तुटतात, चाक सुटतं आणि तुम्ही तोंडावर. त्यासाठी एक्सलला पोलादी पट्टीचा पाना अडकवून तो चिमट्याला बांधायचा असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चिमट्यावर तर पुढची मोटर लावूच नये, ते वाकत नाही, सरळ तुटतं. आमच्याकडे त्या दूधवाल्या सळया होत्याच, काकांनी पट्टी तिथेच पक्की केली. "हे बघा, यांनी तुमच्यासाठी आधीच करून ठेवलंय," असं म्हणाले.

रिमचा घोळ झाला. मला जुनी रिमच हवी होती, पण या सायकलींच्या पुढच्या रिमला ३२ भोकं आणि मागच्याला ४० असतात, ही ब्रिटिशांची जुनी सवय आपण अजून पाळतो, आणि मोटर आली ३६ भोकांची. जमणारच नाही. शेवटी नवीन दुहेरी भिंतीची ७०० सी रिम घेतली, तिचा घेर जरा लहान, टायर बसतो तिथे ६२२ मिलिमीटर व्यास, जुन्या २८ इंचीचा ६३५. म्हणजे पुढचं चाक साडेसहा मिलिमीटर खाली. दिसत नाही, पण पुढचा सळीचा ब्रेक गेला, कारण तो रिमला आतल्या बाजूने वर ओढून पकडतो आणि नव्या रिमला तशी आतली कडच नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही खरं सांगायचं तर. सळ्यांचे ब्रेक दिसायला राजेशाही, पण पावसात ओल्या लोखंडी रिमवर ते दाबले की सायकल थांबायचा विचार करायला लागते, थांबत नाही. पुढे लांब हातांचा कॅलिपर ब्रेक, रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारा, बसवला, दाबला की मोटर तोडणाऱ्या स्विचसकट. मागे जुना ठेवलाय, नवीन रबर घालून. काका म्हणतात मागे पण बदला. बरोबर आहे त्यांचं, बदलायचाय.

बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपियर-अवर, म्हणजे ३६० वॅट-तास. पाय मारत राहिलं तर किलोमीटरला दहा-बारा लागतात, म्हणजे तिसेक किलोमीटर आरामात. ती मी कॅरिअरवर न ठेवता दोन दांड्यांच्या मधल्या जागेत, चामड्याच्या पिशवीत बांधली, वजन मधोमध राहतं आणि कोणाला चटकन दिसत नाही. काकांची मजुरी धरून सगळं मिळून अठ्ठावीस हजार झाले. नवऱ्याने हे वाक्य दोनदा वाचू नये.

रंग दिला नाही. कॅनची कडी घासून घासून मागच्या नळीवर दोन्ही बाजूंना लोखंड उघडं पडलंय, चंद्रकोरीसारखं, त्यावर फक्त तेलाचा हात फिरवते.

पहिल्या दिवशी चांदणी चौकाचा चढ आला तेव्हा सवयीने माझा एक पाय उतरायला निघालासुद्धा. मग पुढून हलकीशी गुणगुण झाली, कोणीतरी हँडल धरून चालल्यासारखं, आणि मी ताठ बसून, साडेचौदाच्या वेगाने, घाम न येता वर गेले. मान्य करते, वर पोचल्यावर मागे वळून बघितलं.

वरती सिग्नलला सायकल कलती करून उभी होते तर शेजारी एक मोटरसायकल येऊन थांबली, दोन्हीकडे कॅन लावलेले. तो माणूस माझ्याकडे नाही, सायकलकडे बघत होता. पुढच्या चाकापासून सुरुवात करून मागच्या कॅरिअरपर्यंत सावकाश.

"मोटर बसवली काय ताई?"

"हो. अडीचशे वॅट. छत्तीस व्होल्ट."

"ते नाय. किती लिटर वढती?"

मी डबा, लॅपटॉप, पाण्याची बाटली सगळं मनात मोजलं. "असेल बारा-पंधरा."

सिग्नल सुटला. त्याने गियर टाकला. "आमचं आबा चाळीस न्यायचं हिच्यावर," तो म्हणाला, "आन् परत येताना पेंडीचं पोतं."